वरण माझं, कौतुक वहिनीचं

बस्तरला जाऊन आलेला माणूस आधी चित्रकोटच्या धबधब्याचं सांगतो. मीही सांगणार आहे, पण जरा थांबा. या प्रवासात मी डोंगर, झाडं आणि नद्या जेवढ्या पाहिल्या, त्याहून जास्त माझ्या वहिनीच्या हातातला झारा पाहिला. आणि जळले. शब्द कडू आहे, पण दुसरा सापडत नाही.

माझा मोठा भाऊ नागपूरला बँकेत आहे. वहिनी मूळची अमरावतीची, ज्वारीच्या मुलखातली. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे भिलाईला असतात. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून तरुणपणी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला लागले, ब्लास्ट फर्नेसला आयुष्य काढलं आणि इथलेच झाले. आमचे हेही प्लांटमध्येच आहेत, त्यामुळे आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहतो.

यंदा मार्च लागता लागता दादाचा फोन आला. त्याने एक मोटरहोम भाड्याने ठरवली होती. बाबांना बस्तर दाखवू, तूही चल, म्हणाला. पुढचं त्याने आवाज जरा खाली आणून सांगितलं. फिरून आलो की बाबांना आम्ही नागपूरला नेतो, कायमचं. तू खूप केलंस शोभा, आता आमची पाळी. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, फिरून येऊ, मंग सांगतो.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. औषधं, डोळ्यांचे थेंब, दुपारी दार उघडं टाकून फिरायला जाण्याची त्यांची सवय, सगळ्यातून सुटका झाली असती. पण वाटलं नाही. बाबा गेले तर या घरात मी कुणाची मुलगी म्हणून राहणार?

निघताना

मोटरहोम म्हणजे एक लांबलचक व्हॅन. आत दोन मोठे पलंग, एक घडीचा पलंग, बेसिन, दोन बर्नरची शेगडी आणि एक छोटा फ्रिज. आमच्या गल्लीत ती वळेना, म्हणून दादाने ती नेहरू नगरपाशी हायवेच्या कडेला उभी केली आणि आम्ही डबे घेऊन तिकडे गेलो. बाबांनी गाडीला चहूकडून फेरी मारली, नळ उघडून पाहिला आणि म्हणाले, "हे तं पहियेवालं क्वार्टर झालं. नळ टपकला तं कम्प्लेंट कोठी लिवा लागते?"

मी आदल्या दिवशी राबून पोळ्या, वांग्याची भाजी, भरपूर घट्ट वरण आणि लसणाची चटणी केली होती. हे म्हणाले, चौघं जाताय की बारात नेताय? मी ऐकलं नाही. बाहेरचं बाबांना सोसत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मनातलं कारण वेगळं होतं. प्रवासभर त्यांच्या ताटात माझंच पडावं, म्हणजे परत आल्यावर उत्तर देताना त्यांच्या जिभेवर माझी चव असेल.

डब्यांबरोबर बाबांचा जर्मनचा झाकणवाला गंज घेतला. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. छत्तीसगडमध्ये रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून झाकून ठेवतात आणि सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर खातात. ती बासी. भट्टीवर जाण्याआधी एक वाटी बासी पोटात असली की दिवसभर अंग थंड राहतं, हे बाबांना त्यांचा जोडीदार सोनऊराम यानं शिकवलं. सोनऊराम गावी परत गेला, भट्टी सुटली, बासी राहिली. आधी आई भिजवायची, आता मी भिजवते. त्यासाठी मी भात कुकरला लावत नाही, गंजात शिजवून पेज काढते आणि ती पेज थंड करून त्या पाण्यात घालते. हिला इथे पसिया म्हणतात. पसिया नसला तर बासी नुसती पाणचट होते.

दल्लीची लाल माती

पहिला मुक्काम दल्ली राजहऱ्याच्या अलीकडे, एका तळ्याकाठी. बाबांना लोखंडाची खाण पाहायची होती. आयुष्यभर जो दगड त्यांनी वितळताना पाहिला, तो जमिनीतून निघताना कधी पाहिला नव्हता. आत जाऊ देत नाहीत, म्हणून रस्त्यावरूनच त्यांनी लाल डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. चपलेला माती लागली ती झटकली नाही.

रात्री माझे डबे उघडले. सगळे पोटभर जेवले, कुणी काही बोललं नाही. घरचं जेवण असंच जेवतात. मी थोडा ताजा भात टाकला, पेज काढली, गंज भिजवून बेसिनखाली ठेवला. सकाळी बाकीचे झोपेत असताना बाबांनी गाडीच्या पायरीवर बसून बासी खाल्ली आणि वाटी धुऊन ठेवली.

मग वहिनी उठली. तिने माझ्या उरलेल्या पोळ्या पाहिल्या, हातानं बारीक कुस्करल्या, दाण्यांची आणि कढीपत्त्याची फोडणी घातली, वर लिंबू पिळलं, कोथिंबीर भुरभुरली. शिळ्या पोळीचा कुस्करा, दुसरं काय. लहानपणी आईने हजारदा दिलेला. वहिनी ताटली घेऊन बाबांसमोर उभी राहिली.

"फस्ट क्लास," बाबा म्हणाले. "गजब केलं सुनबाई."

मी चहा गाळत होते. गाळणी कपाबाहेर गेली. माझ्या आठवणीत बाबांनी माझ्या कुठल्याही पदार्थाला दिलेला सर्वात मोठा शेरा म्हणजे "ठीक हाये". पुरणपोळीलाही ठीक हाये, करपलेल्या खिचडीलाही ठीक हाये.

केशकालची वळणं

कांकेर सोडलं की रस्ता केशकालच्या घाटात शिरतो आणि वळणावर वळण घेत बस्तरच्या पठारावर चढतो. दोन्ही बाजूंना साल आणि मोह. मोहाखालची जमीन बायकांनी पाला जाळून स्वच्छ केलेली होती, म्हणजे पहाटे गळलेली फुलं सापडायला सोपी. फुलांचा गोड, जरा डोक्यात जाणारा वास गाडीत भरला होता. खूप सुंदर होतं सगळं, असं नंतर फोटो पाहून कळलं. घाटात असताना मी वरण पुसत होते.

त्याचं असं झालं. मोटरहोममध्ये गाडी सुरू करायच्या आधी प्रत्येक कपाटाची खिटी लावायची असते. दादाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. निघताना मला वरणाला उकळी द्यायची होती, कारण वहिनीचा डोळा त्या वरणावर आहे असा मला संशय आला होता. उकळी दिली, भांडं कपाटात ठेवलं आणि खिटी विसरले. तिसऱ्या की चौथ्या वळणावर भांडं बाहेर आलं आणि अर्धं वरण दादाच्या नव्या सँडलमध्ये गेलं. वहिनीने एका शब्दाने मला काही म्हटलं नाही. फडकं घेऊन माझ्या शेजारी बसली, म्हणाली, "असू द्या शोभाताई, माझ्याकडूनही होतं असं. तुम्ही आता आराम करा, स्वयंपाकाचं मी बघते." तिने ओरडायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

आराम करा म्हणजे काय, तर शेगडी गेली माझ्या हातातून. त्या रात्री तिने वाचलेल्या वरणात पाणी, चिंच, गूळ घातला, कणकेच्या चकत्या सोडल्या आणि वरणफळं केली. वांग्याच्या उरल्यासुरल्या भाजीत बेसन आणि पीठ मळून थालीपीठं थापली. बाबांनी वरणफळं दोनदा घेतली. दादा बोटं चाटत म्हणाला, हिच्या हाताला चव आहे. वरण माझं, भाजी माझी, कणीक मी भिलाईहून आणलेली, कौतुक मात्र वहिनीचं. मी पण वरणफळं खाल्ली. चांगली होती. तेच तर दुखत होतं.

कोंडागावचा बाजार

कोंडागावला आठवडी बाजार लागला होता. पानांच्या दोन्यांत चिंच, वाळलेली मोहफुलं, सुकी मासळी, आणि लाल मुंग्यांची चटणी, चापडा. आमच्या घरी मुंगी साखरेत सापडली तर आम्ही अख्खा डबा उन्हात ठेवतो. वहिनीने मात्र बोटावर चापडा घेऊन चाखली, डोळे बारीक केले आणि लिंबासारखी आहे म्हणाली. बाबांनी तिच्याकडे ज्या कौतुकाने पाहिलं, ते पाहून मीही दोना उचलला. चटणी जिभेवर ठेवली आणि ठसका लागला. बाजारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

दुपारी मी हट्टाला पेटले. आदल्या रात्रीचा भात उरला होता. छत्तीसगडी बायका उरलेल्या भातात तांदळाचं पीठ मळून लांबट वळे करतात आणि वाफवतात, तो फरा. हे अमरावतीला कुठून येणार? मी वहिनीला बाहेर खुर्चीत बसवलं आणि फरा वळायला घेतला. पीठ जरा कमी होतं, वाफ नीट धरेना, आणि गॅसची टाकी मध्येच संपली. टाकी बदलेपर्यंत वळ्यांचा एकजीव गोळा झाला. मी तो सुरीने कापून फोडणीत परतला आणि सगळ्यांना वाढला. वहिनीने चटणी मागून घेऊन संपवला. बाबा म्हणाले, "ठीक हाये."

चित्रकोट

आता धबधब्याचं. पावसाळ्यात इंद्रावती इथे घोड्याच्या नालेसारखी पसरून कोसळते, असं सगळे सांगतात. मार्चमध्ये तिच्या चार-पाच धारा उरल्या होत्या, बाकी उघडा काळा खडक. लोक हिरमुसले होते. मला मात्र ती उघडी पडलेली नदी आवडली. नावेतून खाली गेलो तेव्हा गार तुषार अंगावर आले, आणि बाबा लहान मुलासारखे हात पुढे करून बसले. तेवढा वेळ मी कुणावरच जळत नव्हते.

तिथे काठावरच मुक्काम केला. मधल्या दिवसांत शेगडी वहिनीकडे गेली तशी बासी राहून गेली होती, आणि मुद्दामच मी आठवण केली नाही. बाबांनाच आठवू दे, त्यांनाच चुकचुकू दे, असं वाटत होतं. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबा स्वतः उठले, गंजात उरलेला भात होता त्यात पाणी घातलं आणि झाकण ठेवून तो बेसिनजवळ सारला. मी पाहिलं. वहिनी बाहेर भांडी विसळत होती, तिने पाहिलं नाही.

सकाळी मी आणि बाबा नदीकाठी फिरायला गेलो. परत येताना लांबूनच खमंग फोडणीचा वास आला. वहिनी उठली होती, बेसिनजवळ गंज दिसला, आत भात आणि पाणी. तिला वाटलं, कुणीतरी भात न काढताच भांडं घासायला भिजत टाकलंय. चार दाणे वाया जाऊ न देणारी बाई ती. तिने भात निथळला, कांदा, दाणे, मिरच्या घालून परतला आणि गंज घासून लख्ख पालथा घातला होता.

माझं मन उड्या मारायला लागलं, लपवत नाही. आता बाबा चिडणार. आता कळेल घर कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही. बाबांनी पालथ्या गंजाकडे पाहिलं. मग ते खुर्चीत बसले, वहिनीने हातात दिलेला फोडणीचा भात खाल्ला आणि आणखी मागितला.

"बढिया," ते म्हणाले. "मोकळा नाही झाला, पन बढिया."

वहिनी इतकी आनंदली की तिने मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मी धबधब्याकडे पाहत राहिले आणि ठरवून टाकलं की बाबा नागपूरला जाणार.

चारामाजवळचा चहा

परतीच्या वाटेवर घाट उतरलो, कांकेर मागे पडलं आणि चारामाच्या आसपास एका टपरीवर चहाला थांबलो. दादा आणि वहिनी समोरच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेले. बाबा दिसेनात. मी टपरीच्या मागे गेले तर ते एका लाकडी पाटावर बसले होते, हातात काशाची वाटी, वाटीत बासी. टपरीवाली म्हातारी स्वतःच्या जेवणातून त्यांना कांदा आणि भाजी वाढत होती. मला पाहून ती म्हणाली, "आ बेटी, तहूं बइठ. बासी खाबे का?"

मी बसले. बाबांनी चोरी सापडल्यासारखं वाटीत पाहिलं आणि म्हणाले, "सुनबाईले नोको सांगू. तिले वाईट वाटन."

इतके दिवस दाबून ठेवलेलं मग एकदम वर आलं. मी म्हटलं, तिच्या वाईट वाटण्याची एवढी काळजी, आणि माझ्या? इतकी वर्षं करते मी, तुम्ही कधी एकदा तरी चांगलं झालं म्हणालात का? तिने शिळ्या पोळ्या कुस्करल्या की फस्ट क्लास. माझंच वरण ढवळलं की दोनदा घेता, शिळा भात परतला की बढिया. कावून बाबा?

हे 'कावून' कसं आलं कोण जाणे. लिहिताना आणि बाहेर मी 'का' म्हणते. बाबांशी भांडताना आईची भाषा येते.

बाबांनी घास गिळला. खरंच विचार करून राहिले होते ते. मग साधेपणानं म्हणाले, "ते इचारते न, कसं झालं म्हून. समोर उभी राहून इचारते. मंग सांगा लागते. तू कधी इचारलंच नाही."

म्हातारी हसायला लागली, तिला मराठी कितपत कळलं देव जाणे. घरी मी ताट ठेवते आणि कपडे वाळत घालायला जाते, हे खरं आहे. पण म्हणून काय झालं, असंही वाटलं. राग गेला नाही, फक्त कुणावर करायचा ते कळेना.

भिलाई

संध्याकाळी प्लांटच्या चिमण्या दिसल्या तेव्हा बाबा खिडकीशी सरकून बसले. दादा आणि वहिनी पहाटे नागपूरला निघणार होते. बाबांची बॅग गाडीतून उतरवायची की नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही, ती गाडीतच राहिली. ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रिकाम्या डब्यांची पिशवी उचलली.

मी साधाच स्वयंपाक केला. वरण, भात, वांग्याचं भरीत. भात गंजात शिजवला, सवयीने पेज काढून ओट्यावर ठेवली, मग वाटलं, कशाला काढली. जेवणं झाली. दादाने दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, बाबा, आम्ही पहाटेच निघतोय. तुम्ही सांगणार होता.

बाबा हात धुऊन आले. ते ओट्याशी गेले, भाताचा गंज उचलला, उरलेला भात हाताने मोकळा केला, त्यात पेज ओतली, वर पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. आम्ही सगळे पाहत होतो. वहिनी लगबगीने उठली.

"बाबा, राहू द्या, मी घासते तो."

"वहिनी, नको," मी म्हटलं. "तो घासायचा नाहीये. ती बाबांची उद्याची न्याहारी आहे."

वहिनीचा हात गंजावरच थांबला. ती गंजाकडे पाहत राहिली, आणि चित्रकोटची सकाळ तिच्या लक्षात येताना मला दिसली. तिचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही, थोडा झाला. दादा या घरातच वाढला होता, त्याला गंजाचा अर्थ माझ्याइतकाच कळला. तो हळूच म्हणाला, पण बाबा, आम्ही तर पहाटेच निघणार.

"तुमी निघा ना," बाबा म्हणाले. "म्या उद्याची भिजवून ठेवली. टाकून कसं येऊ?"

"मग परवा?"

"परवाची परवा भिजवू."

ह्यांनी कुणी न सांगता जाऊन गाडीतून बॅग आणली.

वहिनी रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. ती माझ्याजवळ ओट्याशी आली आणि म्हणाली, "शोभाताई, मला शिकवा. बाबा दिवाळीला आले तर मला करता आली पाहिजे." बाई चांगलीच आहे, यात शंका नाही, आणि हेच मला प्रवासभर सहन होत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. तांदूळ कुठला, भात पुरता निवू द्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, मीठ सकाळी घालायचं, कांदा ऐन वेळी चिरायचा. ती मान हलवत ऐकत होती. पेजेची म्हणजे पसियाची रिकामी वाटी तिच्या कोपराजवळच होती. मी ती उचलून विसळून टाकली.

पहाटे ते गेले. जाताना वहिनीने लिंबाचं लोणचं आणि तिच्या हातचा चिवडा ठेवून दिला. चिवडा मी कपाटात मागच्या बाजूला ठेवला.

मग बाबांना बासी वाढली. मीठ, कांदा, हिरवी मिरची, लसणाची चटणी. कपडे वाळत घालायचे होते, ते राहू दिले. समोर उभी राहिले आणि पदराशी चाळा करत विचारलं, "बाबा, कशी झाली?"

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घास चावला, सावकाश गिळला.

"ठीक हाये," ते म्हणाले.

मी वळणार तेवढ्यात त्यांनी वाटीतलं पाणी पिऊन ओठ पुसले आणि विचारलं, "सुनबाईले पसियाचं सांगतलं का तू?"

"राहिलं," मी म्हटलं.

"मंग राहू दे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वाटी पुढे केली.